जाडी ४९८ मायक्रॉन, नंबर साडेपाच: लॅसिक, स्माइल, पीआरके की आयसीएल?

चष्म्याचा नंबर काढायच्या ऑपरेशनबद्दल आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २४, गाव परभणी जिल्ह्यात. उजव्या डोळ्याचा नंबर −५.५० आणि सिलेंडर (वक्रतेतल्या फरकाचा नंबर) −१.२५, डाव्याचा −५.०० आणि सिलेंडर −०.५०. दोन वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवर उजवा −४.७५ होता. कॉर्नियाची, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक काचेची, जाडी उजवीकडे ४९८ आणि डावीकडे ५०१ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग). एका ठिकाणी लॅसिक सांगितलं, दुसऱ्या ठिकाणी स्माइल, तिसऱ्या ठिकाणी ‘लेझर नको, आत लेन्स बसवू’ म्हणाले. घरी सोयाबीन आणि हळद, संध्याकाळी कबड्डी, जोडीला रेल्वे भरतीची तयारी. उन्हाळ्यात डोळे खाजतात. शिवाय आईचं वय ४७, तिचा वाचायचा चष्मा लेझरने जाईल का?

तीन ठिकाणी तीन उत्तरं मिळाली म्हणून कुणी तरी फसवतंय असं लगेच धरू नका. तुमचे आकडे काठावरचे आहेत, आणि काठावरच्या डोळ्याला ज्याच्याकडे जे यंत्र असेल ते सुचवलं जातं. यंत्राचं नाव घटकाभर बाजूला ठेवा आणि कागदावर वजाबाकी मांडा. ती पाचवीतल्या मुलालाही जमेल अशी आहे.

लेझरने नंबर काढायचा म्हणजे कॉर्नियाचा मधला भाग थोडा पातळ करून सपाट करायचा. किती पातळ करायचा हे नंबरावर आणि किती रुंद भागावर लेझर फिरवायचा यावर ठरतं. रुंदी मिलिमीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा, तिनाने भागा. जो आकडा येईल तितके मायक्रॉन दर एका नंबरामागे जातात. ६.५ मिलिमीटर रुंदीला साधारण १४ मायक्रॉन, ६ मिलिमीटरला १२. सिलेंडर असेल तर तोही धरायचा: उजव्या डोळ्यात ५.५० आणि १.२५ मिळून ६.७५. चौदाने गुणलं की ९५ मायक्रॉन. यंत्रागणिक हा आकडा थोडा पुढेमागे होतो. नेमका आकडा ऑपरेशनच्या आराखड्यावर छापून येतो, तो मागून घ्या.

आता लॅसिक. त्यात आधी कॉर्नियाच्या वरच्या थराची साधारण ११० मायक्रॉन जाडीची पाकळी, म्हणजे फ्लॅप, कापतात. पुस्तकाच्या पानासारखी ती एका बाजूला उघडायची, खाली लेझर मारायचा आणि पाकळी परत बसवायची. पाकळी जागेवर बसते, पण कॉर्नियाच्या ताकदीत तिचा हिस्सा जवळजवळ राहत नाही. म्हणून तीही खर्चात धरायची: ११० अधिक ९५, म्हणजे २०५. ४९८ मधून २०५ गेले की खाली २९३ उरतात. २५० च्या खाली कधीच जाऊ नये असा जुना नियम, आणि सावध सर्जन २८० ते ३०० राखतात. त्या हिशोबाने तुम्ही कसेबसे पास होता. पण दुसरी कसोटी टक्क्याची आहे: एकूण जाडीच्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त भागाला हात लागला की पुढे कॉर्निया सैल पडून फुगण्याचा धोका वाढतो. २०५ भागिले ४९८ म्हणजे ४१ टक्के. उजवा डोळा इथे नापास. डाव्याचे ७७ आणि ११० मिळून १८७, म्हणजे ३७ टक्के, खाली ३१४ शिल्लक. तो बसतो. एकाच माणसाच्या दोन डोळ्यांना दोन निकाल लागू शकतात, हे ‘तुमच्या डोळ्याला लॅसिक चालतं’ अशा एका वाक्यात दडून जातं.

हा ४१ चा आकडा ३९ वर आणायच्या दोन युक्त्या आहेत आणि दोन्हींची किंमत पेशंट देतो. पाकळी १०० मायक्रॉनची घेतली तर १९५, म्हणजे ३९ टक्के होतात. पण जितकी पाकळी पातळ तितकी तिला सुरकुती पडायची आणि कापताना बिघडायची शक्यता जास्त. दुसरी युक्ती रुंदी कमी करायची. ६ मिलिमीटर धरली तर ८१ मायक्रॉनच जातात, ३८ टक्के, कागद स्वच्छ दिसतो. पण चोविशीत अंधारात बाहुली ६.५ ते ७ मिलिमीटर फाकते. लेझर न फिरलेल्या कडेतून प्रकाश आत शिरतो आणि रात्री समोरून येणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रकच्या दिव्याभोवती वलयं, फुलबाज्या दिसायला लागतात. म्हणून मंद उजेडातला बाहुलीचा आकार मोजला का, आणि लेझरची रुंदी किती धरली, हे दोन प्रश्न लॅसिक सांगणाऱ्याला विचाराच.

स्माइलमध्ये पाकळी नसते. फेमटोसेकंद लेझर कॉर्नियाच्या आत साधारण १२० मायक्रॉन खोलीवर एक बारीक भिंगासारखी चकती कोरतो आणि ती २ ते ४ मिलिमीटरच्या छेदातून ओढून काढतात. वरच्या नसा कमी कापल्या जातात, त्यामुळे कोरडेपणा तुलनेने कमी, आणि पाकळी सरकण्याचा प्रश्न नाही. कबड्डीत कोपर-बोट डोळ्याला लागणं रोजचंच. लॅसिकची पाकळी फटक्याने सरकल्याच्या घटना वर्षांनंतरही घडतात. त्या अर्थाने तुम्हाला स्माइल सुचवणाऱ्याचं चुकलं नाही. पण जाडीचा हिशोब इथेही सुटत नाही. चकती काढता यावी म्हणून तिच्या कडेला साधारण १५ मायक्रॉनची जास्तीची जाडी ठेवावी लागते, म्हणजे ९५ ऐवजी ११०. १२० अधिक ११० म्हणजे २३०, खाली उरले २६८. स्माइलची वरची टोपी पाकळीपेक्षा जास्त ताकद राखते, असं तिच्या बाजूने सांगतात आणि त्यात तथ्य आहे. तरी ४९८ च्या कॉर्नियात खाली २६८ ठेवणं माझ्या मते ताणलेलं गणित आहे. आणखी एक अडचण: स्माइलनंतर थोडा नंबर उरला तर तेच ऑपरेशन पुन्हा सहज होत नाही, बहुधा वरून पीआरके करून तो काढतात. त्यासाठीही जाडी शिल्लक लागते.

पीआरके ही यातली सगळ्यात जुनी पद्धत, आणि तुमच्यासारख्या पातळ कॉर्नियाला आजही उपयोगी. पाकळी नाही, चकती नाही. वरची सुमारे ५० मायक्रॉनची पेशींची साय खरवडून काढायची, ती पुन्हा उगवते, आणि थेट लेझर मारायचा. ५० अधिक ९५ म्हणजे १४५. खाली ३५३ उरतात, टक्केवारी २९. ताकदीच्या दृष्टीने यापेक्षा सुरक्षित लेझर तुमच्या उजव्या डोळ्याला नाही. मग सगळे हेच का करत नाहीत? कारण पहिले दोन-तीन दिवस डोळा चांगलाच दुखतो, पाणी गळतं, उजेड सहन होत नाही. चार-पाच दिवस डोळ्यावर पट्टीसारखी मऊ कॉन्टॅक्ट लेन्स ठेवावी लागते. नजर हळूहळू उघडते; कामापुरती आठवड्यात, पूर्ण धार यायला एक ते तीन महिने. लॅसिकवाला दुसऱ्या दिवशी फळ्यावरचं वाचतो, त्यामुळे पीआरके विकायला अवघड.

पीआरकेचा खरा धोका वेगळाच आहे: सहाच्या आसपासच्या आणि वरच्या नंबरात कॉर्नियावर धुरकट डाग, म्हणजे हेझ, येऊ शकतो. तो टाळण्यासाठी लेझरनंतर लगेच ०.०२ टक्के मायटोमायसिन-सी चा बोळा काही सेकंद ठेवून भरपूर पाण्याने धुतात. हे औषध वापरणार का, असं विचारा. तुमच्या नंबराला ते लागतंच. हेझला सगळ्यात जास्त खतपाणी घालतं ते ऊन. परभणीत एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ च्या वर जातो आणि शेतकऱ्याचा दिवस रानातच जातो. किमान तीन महिने अतिनील किरण अडवणारा गॉगल, तोही बाजूने झाकलेला, आणि टोपी किंवा गमछा हे जमणार नसेल तर उन्हाळ्यात पीआरके करूच नये. नंतर दोन-तीन महिने स्टिरॉइडचे थेंब हळूहळू कमी करत चालतात, आणि त्याने काहींच्या डोळ्यातला दाब वाढतो. म्हणून दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात दाब मोजणं चुकवायचं नाही. ‘दिसतंय चांगलं’ म्हणून तपासणीला न जाणारे इथेच अडकतात.

आयसीएल म्हणजे कॉर्नियाला हात न लावता, बुबुळाच्या मागे आणि नैसर्गिक भिंगाच्या पुढे पातळ लेन्स सरकवायची. सिलेंडर असल्याने तुम्हाला उजव्या डोळ्यात टोरिक, म्हणजे सिलेंडरही काढणारी, लेन्स लागेल. ती नंबराप्रमाणे मागवावी लागते. साधारण ३ मिलिमीटरचा छेद, टाका बहुधा लागत नाही. इथे कॉर्नियाची जाडी गौण, पण आत जागा लागते: पुढच्या कप्प्याची, म्हणजे कॉर्निया आणि भिंगामधल्या जागेची, खोली कॉर्नियाच्या आतल्या बाजूने मोजून किमान २.८ मिलिमीटर, ३ च्या वर असेल तर निवांत. कॉर्नियाच्या आतल्या थरातल्या पेशी मोजाव्या लागतात, त्या वयाच्या मानाने भरपूर हव्यात. लेन्स चार मापांत येते: १२.१, १२.६, १३.२ आणि १३.७ मिलिमीटर. माप चुकलं की घोटाळा. लेन्स आणि नैसर्गिक भिंग यांच्यात साधारण २५० ते ७५० मायक्रॉनची फट राहायला हवी. फट कमी पडली तर घर्षणाने मोतीबिंदू, जास्त झाली तर बुबुळ पुढे ढकललं जाऊन दाब वाढतो. नव्या लेन्सच्या मधोमध ०.३६ मिलिमीटरचं छिद्र असतं, त्यातून डोळ्यातलं पाणी वाहतं. त्यामुळे पूर्वीसारखं बुबुळाला लेझरने भोक पाडावं लागत नाही. ऑपरेशनच्या दिवशी काही तासांनी दाब तपासूनच घरी सोडायला हवं. आणि पुढे दर वर्षी पेशी आणि फट मोजायला जायची तयारी हवी. लेन्स गरज पडल्यास काढता येते, ही मोठी सोय. पण ‘हवी तेव्हा काढा’ इतकं ते हलकं नाही, कारण काढणं हेही डोळ्याच्या आतलं ऑपरेशनच.

चौथा एक पर्याय कुणी सुचवला तर सरळ नाही म्हणा: नैसर्गिक भिंग काढून मोतीबिंदूसारखी लेन्स बसवणं. मायनस नंबरच्या तरुण डोळ्यात त्याने मागचा पडदा (रेटिना) सुटण्याचा धोका वाढतो, आणि चोविशीत जवळचं पाहायची भिंगाची ताकद कायमची जाते.

हे सगळं गणित एका गृहीतावर उभं आहे: कॉर्निया पातळ असला तरी निरोगी आहे. तुमच्या प्रश्नातली मला सगळ्यात जास्त खटकलेली ओळ म्हणजे उन्हाळ्यात डोळे खाजतात ही. आपल्याकडे कोरडी हवा, फुफाटा, मळणीच्या वेळी उडणारं भुसकट, वसमत-हिंगोलीकडे हळद पॉलिशची धूळ. ॲलर्जीने डोळे चोळणारी पोरं गावोगाव आहेत. वर्षानुवर्षं चोळण्याचा आणि केराटोकोनसचा, म्हणजे कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याचा, जवळचा संबंध आहे. अशा डोळ्यावर लॅसिक केलं तर काही महिन्यांत किंवा वर्षांत नंबर उलट वेगाने वाढतो, सिलेंडर तिरका होत जातो आणि चष्म्यानेही नीट दिसेनासं होतं. म्हणून निव्वळ जाडीचा आकडा पुरेसा नाही, कॉर्नियाचा पुढचा आणि मागचा नकाशा, म्हणजे टोमोग्राफी, हवा. त्या रंगीत कागदावर काय पाहायचं? सगळ्यात पातळ जागा मध्याच्या जवळ आहे की खाली-बाहेर सरकली आहे. वरच्या आणि खालच्या अर्ध्यातल्या वक्रतेत १.४ डायॉप्टरपेक्षा जास्त फरक आहे का. सगळ्यात उभार बिंदू ४७-४८ डायॉप्टरच्या पुढे गेला आहे का. दोन्ही डोळे एकमेकांशी जुळतात का. मागचा पृष्ठभाग कुठे फुगला आहे का. हाच सगळ्यात आधी बोलतो. शेवटचा एकत्रित आकडा १.६ च्या वर असेल तर संशय, २.६ च्या वर असेल तर लेझर बाद.

केराटोकोनस निघालाच तर उपचार सीथ्रीआर: रायबोफ्लेविनचे थेंब साधारण अर्धा तास सोडून वर अतिनील प्रकाश देतात. मूळ पद्धतीत ३ मिलिवॉटने ३० मिनिटं, जलद पद्धतीत ९ मिलिवॉटने १० मिनिटं. त्यासाठी कॉर्निया किमान ४०० मायक्रॉन लागतो. त्याने आजार थांबतो, चष्मा जात नाही. हे दोन वेगळे हेतू आहेत आणि समुपदेशनाच्या टेबलावर ते बरेचदा एकत्र कालवले जातात. खाजेसाठी आत्ताच डॉक्टरांकडून ॲलर्जीचे थेंब सुरू करा आणि चोळणं बंद. मेडिकलवरून स्वतःहून स्टिरॉइडचे थेंब आणू नका. दोन दिवसांत आराम पडतो, म्हणून लोक महिनोन्महिने घालतात, आणि काचबिंदू-मोतीबिंदू ओढवून घेतात.

दुसरी अडचण तुमच्या दोन चिठ्ठ्यांत आहे. दोन वर्षांत पाऊण नंबर वाढला. निकष असा की गेल्या १२ महिन्यांत अर्ध्या नंबरापेक्षा जास्त फरक नको. वाढ पहिल्या वर्षात झाली की दुसऱ्या, हे मधल्या चिठ्ठीशिवाय कळणार नाही. ती नसेल तर आज नीट तपासून घ्या आणि सहा ते बारा महिन्यांनी पुन्हा. तपासणी बाहुली मोठी करणारे, भिंगाची पकड सैल सोडणारे थेंब घालूनच व्हावी; तरुण डोळा ताण देऊन मायनस नंबर जास्त दाखवतो आणि लेझर तोच जास्तीचा नंबर काढून बसतो. त्या दिवशी मोटारसायकलवर एकटे परत निघू नका, धूसरपणा काही तास आणि काही थेंबांनी दिवस-दोन दिवस टिकतो. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर मऊ लेन्स दोन आठवडे, कडक लेन्स तीन-चार आठवडे आधी बंद. लेन्स कॉर्नियाचा आकार दाबून बदलते. आदल्या रात्री काढून गेलात तर नकाशा लेन्सचा येतो, डोळ्याचा नाही.

पडदा तपासल्याशिवाय कुणालाही होकार देऊ नका. मायनस नंबरचा डोळा लांबट असतो, कडेला पडदा विरळ होतो, भोकं पडतात. तशी जागा सापडली तर आधी तिच्याभोवती लेझरचे टाके मारून घेतात आणि काही दिवस थांबून मग पुढचं. नंबर गेला तरी डोळा लांबटच राहतो. म्हणून ऑपरेशननंतरही वर्षातून एकदा पडदा दाखवायचा, आणि अचानक ठिणग्या, काळे ठिपक्यांचे थवे किंवा एका बाजूने सावली दिसली तर त्याच दिवशी जायचं. अश्रूंची तपासणीही करून घ्या: कागदाची पट्टी पापणीत पाच मिनिटं ठेवतात, ती ५ मिलिमीटरही भिजली नाही तर कोरडेपणा आधी बरा करायचा.

रेल्वेचं सांगतो, कारण इथे पैसे आणि नोकरी दोन्ही जाऊ शकतात. असिस्टंट लोको पायलट हे पद ए-१ वैद्यकीय दर्जाचं आहे. तिथे चष्म्याशिवाय दोन्ही डोळे ६/६ लागतात आणि लॅसिक किंवा तत्सम ऑपरेशन झालेला उमेदवार बाद होतो. म्हणजे साडेपाच नंबरासह ते पद दोन्ही बाजूंनी बंद आहे. त्यासाठी ऑपरेशन करून घेण्यात अर्थ नाही. लपवता येईल असंही समजू नका, कॉर्नियाच्या नकाशावर मधला सपाट गोल लख्ख दिसतो. उलट सी-१, सी-२ दर्जाच्या पदांना चष्म्यासह नजर चालते, तिथे ऑपरेशनची गरजच नाही. सैन्यदलांचे निकष वेगळे आहेत: ऑपरेशनच्या वेळचं वय, त्यानंतर गेलेला काळ, उरलेली जाडी, डोळ्याची लांबी. ज्या पदासाठी अर्ज करायचा त्या जाहिरातीत वैद्यकीय दर्जा वाचल्याशिवाय तारीख घेऊ नका.

माझं मत विचाराल तर: उजव्या डोळ्याला लॅसिक नको, स्माइलही नको. नकाशा निर्दोष असेल आणि नंबर थांबला असेल तर दोन रस्ते उरतात. पुढचा कप्पा ३ मिलिमीटरच्या वर आहे, दर वर्षी तपासणीला जाणं जमणार आहे आणि पैशांची सोय आहे, तर आयसीएल, कारण रानातल्या उन्हात पीआरके सांभाळणं कठीण. तसं नसेल तर मायटोमायसिनसह पीआरके, पण वेळ बघून. नकाशात थोडी जरी शंका असेल तर चष्मा. दोन डोळ्यांना दोन वेगळ्या पद्धती करण्यात काही गैर नाही, मात्र डाव्याला लॅसिक करून कबड्डी चालू ठेवणार असाल तर पाकळीचा प्रश्न तिथेही आहेच.

वेळ म्हणाल तर सोयाबीन काढून झाल्यावर आणि तूर कापायच्या आधी, नोव्हेंबरच्या सुमारास. एप्रिल-मे ऊन आणि फुफाट्यामुळे नको. पावसाळ्यात धूळ बसलेली असते, पण डोळे येण्याच्या साथी तेव्हाच फिरतात. २०२३ च्या पावसाळ्यात अख्ख्या महाराष्ट्राने तो अनुभव घेतला. घरात कुणाचे डोळे आले असतील तर तारीख पुढे ढकला.

ऑपरेशनच्या दिवशी डोक्यावरून अंघोळ करून जा, कारण पुढे आठवडाभर ती मिळणार नाही. अत्तर, डिओ, सुगंधी तेल, काजळ काही नको. वाफेने लेझरच्या मापात फरक पडतो. लेझरमध्ये इंजेक्शन नाही, भुलीचे थेंब पुरतात. पापण्या क्लिपने उघड्या ठेवतात. पाकळी किंवा चकती कापताना डोळ्यावर लावलेल्या कडीने ओढ बसते, दाब जाणवतो, काही सेकंद अंधारल्यासारखं होतं. त्या वेळी डोकं हलवलं आणि ओढ सुटली तर काम अर्धवट राहतं, हा स्माइलमधला नेहमीचा बिघाड. तिथे ही ओढ साधारण अर्धा मिनिट असते. लॅसिक-पीआरकेत पुढे एक्सायमर लेझर चालू झाला की टकटक आवाज आणि जळक्या केसांसारखा वास येतो. काही जळत नसतं. १९३ नॅनोमीटरचा तो अतिनील किरण आजूबाजूला उष्णता न पसरवता थर उडवतो. हे मूळचे मद्रासचे रंगास्वामी श्रीनिवासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये आयबीएमच्या प्रयोगशाळेत दाखवलं, तेही सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीच्या कुर्च्यावर. डोळ्याचा नंबर उतरवायला त्याचा वापर पुढे सुरू झाला.

नंतरचं पथ्य गावाकडे बिघडतं ते पाणी आणि धूळ या दोन गोष्टींनी. टँकरचं, हौदातलं, बोअरचं पाणी आठवडाभर डोळ्यात जाता कामा नये. विहिरीत पोहणं महिनाभर बंद. त्या दिवशी एसटीने लगेच गावी निघू नका. नांदेड किंवा संभाजीनगर जिथे कराल तिथे मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशीची तपासणी करूनच परता. पीआरके असेल तर पट्टीची लेन्स काढेपर्यंत जवळपास राहणं बरं. रात्री आठवडाभर कवच लावून झोपा. मळणी, कडबा कुट्टी, हळद पॉलिश यांपासून किमान दोन आठवडे दूर. फवारणी महिनाभर नको, नंतरही बंद गॉगलशिवाय नको. कबड्डी महिनाभर बंद. अँटिबायोटिकचे थेंब साधारण आठवडा, स्टिरॉइडचे सांगितल्याप्रमाणे कमी करत, आणि कृत्रिम अश्रू तीन महिने दिवसातून चार-सहा वेळा. हे शेवटचे थेंब लोक आधी सोडतात. कॉर्नियाच्या नसा कापल्याने कोरडेपणा कळतच नाही, नुसती नजर सकाळी स्वच्छ आणि दुपारी धूसर होते, आणि पेशंटला वाटतं नंबर परत आला.

पीआरके सोडून कशातही दुखणं वाढत गेलं, लाली वाढली किंवा काल दिसत होतं ते आज धूसर झालं, तर फोनवर थेंब विचारू नका, जाऊन दाखवा. पीआरकेतही दुखणं तिसऱ्या दिवसानंतर उतरायला हवं. उलट वाढलं किंवा कॉर्नियावर पांढरा ठिपका दिसला तर लगेच. लॅसिकमध्ये पहिल्या तीन दिवसांत पाकळीखाली वाळूसारखी सूज येऊ शकते. वेळेत तासातासाला स्टिरॉइड दिलं, गरज पडल्यास पाकळी उचलून धुतलं तर डाग राहत नाही. जंतुसंसर्ग क्वचित, पण झाला तर तासांचा प्रश्न असतो.

पैशांचं: साधारणपणे पीआरके आणि ब्लेडने केलेलं लॅसिक स्वस्त, फेमटो लॅसिक (पाकळी लेझरने कापलेलं) त्याच्या वर, स्माइल आणखी वर, टोरिक आयसीएल सगळ्यात महाग. सांगितलेला आकडा एका डोळ्याचा की दोन्ही, त्यात तपासण्या, औषधं आणि थोडा नंबर उरला तर पुन्हा करण्याचा खर्च धरला का, हे लिहून घ्या. आरोग्य विम्यात ७.५ पेक्षा कमी नंबरसाठीच्या अशा ऑपरेशनचा खर्च वगळलेला असतो, त्यामुळे ‘क्लेममध्ये बसवून देतो’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

आईंचा प्रश्न सोपा आहे. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग कडक होतं, म्हणून जवळचं दिसत नाही. दोष कॉर्नियात नाही. दूरचा नंबर नसेल तर लेझरने एक डोळा मुद्दाम सव्वा-दीड मायनस करून ठेवता येतो, त्याला मोनोव्हिजन म्हणतात. मग एक डोळा दूरचं बघतो, दुसरा जवळचं. सगळ्यांच्या मेंदूला ते मानवत नाही. आधी आठवडाभर कॉन्टॅक्ट लेन्स लावून तसंच राहून बघायचं, चक्कर किंवा खोलीचा अंदाज चुकतोय असं वाटलं तर सोडून द्यायचं. सत्तेचाळिशीत, दूरचं स्वच्छ दिसत असताना, मी वाचायचा चष्माच सांगेन. पुढे मोतीबिंदू होईल तेव्हा लेन्स निवडताना जवळच्या नजरेचा विचार करता येतो, आणि ते ऑपरेशन तेव्हा करावंच लागणार असतं.

तपासणीला जाताना सगळ्या जुन्या चिठ्ठ्या, आताचा चष्मा आणि जुने नकाशे असतील तर ते घेऊन जा. काहीही करून घेतलंत तर ऑपरेशनपूर्वीची वक्रता, जाडी, डोळ्याची लांबी, नंबर आणि किती मायक्रॉन काढले याचा कागद मागून लॅमिनेट करून जमिनीच्या कागदांसोबत ठेवा. लेझर झालेल्या डोळ्यात दाब खरा असतो त्यापेक्षा कमी मोजला जातो आणि साठीला मोतीबिंदूच्या लेन्सचा नंबर काढताना नेहमीचं सूत्र चुकतं. तेव्हाच्या डॉक्टरला हेच आकडे लागतील.